गोलाला शेपूट नसतं

मागच्या उन्हाळ्यात नांदेडला शिक्षकांच्या एका शिबिरात मी बोलत होते. विषय माझा नेहमीचाच. अडचण आली की डोकं कसं चालवायचं. तेही वाट्टेल तसं नाही, रांगेनं, एकेक प्रश्न स्वतःला विचारत. चहाच्या सुट्टीत एक गृहस्थ जवळ आले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. म्हणाले, "मॅडम, पद्धत भारी आहे हो. कुठली, जपानची का अमेरिकेची?"

मी म्हटलं, "अहमदपूर तालुक्याची."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. ते हसले. मी काही हसले नाही, बिस्कीट चहात बुडवलं आणि खाल्लं.

आता असे प्रश्न जगात आणखी कुणी कुणी मांडलेत ते मी पुढं वाचलंय. मोठमोठ्या लोकांनी मांडलेत, त्यांना माझा नमस्कार. पण माझ्यापर्यंत ते आले आमच्या बाईंकडून, आणि त्यांचा अर्थ मला कळला तो रिकामी घागर घेऊन उभं राहिल्यावर. मला लोक गर्विष्ठ म्हणतात. आमच्या स्टाफरूममध्ये तर तोंडावर म्हणतात. हाय की गर्विष्ठ! ज्याच्यापाशी गर्व करण्यासारखं काही नाही त्यानं खुशाल नम्र राहावं. माझ्यापाशी आहे, आणि ते काय आहे तेच सांगते.

तेव्हा आमचा जिल्हा नवाकोरा होता. आमचा तालुका उस्मानाबादमधून निघून लातुरात आला. गावात पेढे वाटले. शाळेच्या पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून तिथं नवं नाव घातलं. रंगाऱ्यानं हौसेनं 'लातूर' एवढं मोठं काढलं की शाळेचं नाव कोपऱ्यात गेलं. लोक म्हणायचे, आता काय बाबा, कचेरी जवळ आली, सगळं जवळ आलं. सगळं जवळ आलं खरं, पाऊस तेवढा लांब गेला. ढग यायचे, तोंड दाखवायचे आणि कर्नाटकाकडं निघून जायचे. गावची विहीर आटली. शिवारातल्या एकेक करत सगळ्या आटल्या. म्हातारी माणसं पारावर बसून बहात्तरच्या दुष्काळाशी तुलना करायची. "बहात्तरला खायला नव्हतं, औंदा प्यायला न्हाई," असं म्हणायची आणि बोळकं पसरून हसायची. मला त्या हसण्याचा लई राग यायचा.

पाणी टँकरनं यायचं. दिवसातून एकदा यायचं, पण कधी येईल त्याचा नेम नाही. एवढं मात्र नक्की की यायचं ते शाळेच्या वेळेत. टँकर गावविहिरीपाशी थांबायचा आणि पाईपनं एकेकाच्या घागरी भरायचा. त्यासाठी सकाळपासून घागरींचा नंबर लागायचा. नुसती घागर ठेवून जमायचं नाही. घागर सोडून माणूस हललं की ती आपोआप मागं सरकायची. कुणी सरकवली विचारलं तर सगळे आभाळाकडं बघायचे. म्हणून प्रत्येक घागरीमागं एक पोरगी उभी. पोरगीच. बाया रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला, गडी कामाच्या शोधात, आणि घरातला पोरगा पाण्याला उभा राहिला तर त्याच्या मिशा फुटायच्या थांबतात की काय देव जाणे! तो शाळेत बसायचा. आमच्या दहावीच्या वर्गात पोरं भरलेली आणि पोरींच्या तरटपट्ट्या मोकळ्या.

बाई मुदखेडच्या. वडील रेल्वेत होते, त्यामुळं बाई लहानपणापासून रुळांच्या कडेला वाढलेल्या, आणि आवाजही इंजिनाच्या शिट्टीचा. उंचीनं एवढ्याशा. आम्हाला गणित आणि विज्ञान शिकवायच्या. आल्या त्या दिवशी त्यांनी वर्ग बघितला आणि भडकल्या. कारण पोरी जातवार बसलेल्या होत्या. पाटलांच्या, मराठ्यांच्या पोरी पुढं, मग बाकीच्या, आणि बौद्ध वस्तीतली मी एकटी दाराशी. बाई जातीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "उंच पोरी पुढं बसल्यात, मागच्यांना फळा दिसत नाही. उठा. उंचीप्रमाणं बसा." वर्गात सगळ्यांत उंच दोघी. एक मी, दुसरी पाटलांची पोर. तेव्हापासून आम्ही दोघी शेवटच्या तरटपट्टीवर मांडीला मांडी लावून. तिच्या घरी मला ओसरीच्या पुढं पाय ठेवता यायचा नाही, पण वर्गात ती माझ्याच कंपासपेटीतलं खोडरबर वापरायची आणि परत द्यायची नाही. त्यावरून आमची भांडणंही मनसोक्त व्हायची.

नांदेडच्या कुठल्याशा शिक्षक शिबिरात बाईंना ते प्रश्न मिळालेले. त्यांनी वर्गाच्या मागच्या भिंतीवर गेरूनं लिहून टाकले. तीनच होते. यातलं काय काढून टाकता येईल? रिकामं काय पडलंय, आणि त्याला दुसरं काय काम देता येईल? क्रम बदलला, आकार बदलला तर काय होईल? आणि खाली एक कडक अट : बाहेरून काही आणायचं नाही. समोर जे आहे त्यातच भागवायचं.

शनिवारी शेवटचा तास या खेळाचा. बाई म्हणायच्या, "पहिल्या प्रश्नाला फालतू वस्तू काढायची नाही. फालतू कुणीही काढतं. जिच्यावाचून अडेल असं वाटतं, तीच काढा. मग बघा डोकं कसं पळतं." एकदा त्यांनी खुर्ची दिली. एक पोरगी म्हणाली, पाय काढा. दुसरी म्हणाली, पाय काढल्यावर बसायचं कशावर? पहिली म्हणाली, "आपण कशावर बसलाव मग? तरटपट्टीवरच की!" सगळा वर्ग हसला. एका पोरानं विचारलं, "बाई, परीक्षेतनं पेपर काढला तर?" बाई म्हणाल्या, "काढू. तुझा पहिला काढू." तसा तो खेळच होता. घरी जाऊन हे सांगावं असं काही मला वाटलं नव्हतं.

घरी वेगळंच चाललं होतं. वडील कामासाठी निजामाबादकडं गेलेले. माझी माय दिवसभर खडी फोडायची. घरात मी आणि दोन धाकटी भावंडं. वस्तीत दहावीपर्यंत पोचलेली मी पहिली पोरगी, आणि तिथवर मला मायनंच आणलं होतं. सातवीत मला शेळ्यांमागं पाठवा म्हणणाऱ्या माझ्या चुलत्याला तिनं दारातून हाकललं होतं. पण त्या साली ती पुरी बेजार झाली. एका सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "औंदा तुपली शाळा काढून टाकू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाईंचा पहिलाच प्रश्न माझ्या मायनं न शिकता सोडवला होता! मी म्हटलं, "अन् पुढल्या साली?"

"पुढल्या सालचं पुढल्या साली."

दहावी सोडलेल्या पोरीच्या पुढल्या साली काय होतं ते आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. मांडव पडतो. मी आदळआपट केली. परात वाजवली. तिला वाट्टेल ते बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि शेवटी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "बरं. जा शाळंत. पर ज्या दिशी घागर रिकामी आली, त्या दिशी दप्तर बंद. लेकरांना पेन पाजू का?"

तिचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही, आजही येत नाही. त्यामुळं राग जास्तच यायचा.

त्याच आठवड्यात बाई वर्गात आल्या, मोकळ्या तरटपट्ट्या बघितल्या आणि पुस्तक मिटलं. जेवढ्या पोरी होतो तेवढ्यांना पुढं बोलावलं. फळ्यावर लिहिलं : पाण्याची रांग. "यात काय काय आहे सांगा." आम्ही सांगितलं. टँकर, पाईप, घागर, पोरगी, नंबर, विहीर. "आता काढा काहीतरी."

एक म्हणाली, "भांडणं काढा."

"भांडण म्हणजे वस्तू नव्हे. ते निघतं, काढता येत नाही. जिच्यावाचून अडेल असं वाटतं ती वस्तू काढा."

मी बोलले. रागातच बोलले. "पोरगी काढा. घागर राहू द्या उभी."

बाईंनी फळ्यावरचा 'पोरगी' शब्द पुसला आणि माझ्याकडं वळल्या. "काढली. आता सांग, पोरगी तिथं काय काम करत होती?"

मी म्हटलं, "काय न्हाई. घागर सरकू देत नव्हती."

"एवढंच?"

"एवढंच."

"एवढ्याशा कामाला दहावीची पोरगी!" बाई म्हणाल्या. "आता दुसरा प्रश्न. गावात रिकामं काय पडलंय?"

रिकाम्या गोष्टी तर ढीगभर होत्या. गोठे रिकामे, कणग्या रिकाम्या. पोरांनी गावातल्या दोन रिकामटेकड्या माणसांची नावंही सुचवली. मग माझ्या शेजारून पाटलांची पोर म्हणाली, "शेंदायचे दोर. विहीर आटल्यापासनं समद्यांच्या घरी खुंटीला लटकून राहिलेत."

आणि मला ते लख्ख दिसलं. खोटं कशाला बोलू, तिलाही त्याच वेळी दिसलं. आम्ही दोघी एकदमच ओरडलो. घागरींच्या गळ्यात दोर घालायचा! पहिल्या घागरीच्या गळ्याला एक वेढा, तोच दोर पुढं दुसरीच्या गळ्याला, मग तिसरीच्या, अशी सगळी रांग एका दोरात. मधली घागर कुणाला सरकवायची झाली तर अख्खी रांग सोडावी लागेल. आणि भरून झालं की टोकाकडून दोर ओढत गेलं की वेढे सुटत येतात. ना पैका, ना परवानगीचा कागद. बाईंनी खडू खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. शिक्षकानं विद्यार्थ्यांसाठी टाळ्या वाजवलेल्या मी तोवर बघितल्या नव्हत्या.

सरपंचांना रोज टँकरवरच्या तक्रारी ऐकून वैताग आला होता. ते म्हणाले, "करा बापा काय करायचं ते." दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळीच घागरी मांडल्या, दोर ओवले आणि शाळेत जाऊन बसलो. टँकर आला तेव्हा आम्ही भूमितीचं प्रमेय लिहीत होतो. खिडकीतून दिसलं, पाईप एकेका घागरीत जातोय आणि रांग जिथल्या तिथं. भांडणाचा आवाज नाही, शिव्या नाहीत. मधल्या सुट्टीत आम्ही भरलेल्या घागरी घरी नेऊन ठेवल्या आणि परत वर्गात आलो. हफ्ताभरात पोरींच्या तरटपट्ट्या भरल्या. त्या दिवसांत मी रस्त्यानं कशी चालायचे विचारू नका. मान सरळ, नाक वर. माय म्हणायची, "खाली बघ, पाय अडकंल."

आणि अडकलाच.

चूक आम्ही पहिल्याच दिवशी केली होती, पण ती कुणालाच चूक वाटली नव्हती. दोर आम्ही दोन ओवले होते. एक गावाचा, एक वस्तीचा. असं करा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. बाई तेव्हा तिथं नव्हत्या. पाटलांच्या पोरीनं विहिरीच्या वरच्या अंगाला गावच्या घागरी ओवल्या आणि मी खालच्या अंगाला आमच्या, जशा आमच्या आया विहिरीला पाणी असताना उभ्या राहायच्या तशाच. भिंतीवरचे तीन प्रश्न विचारून झाले होते, पण दोर दोन कशाला, हा चौथा आमच्या हातांना सुचला नाही. टँकर आधी वरचा दोर भरायचा, मग खालचा. पाणी सगळ्यांना पुरत होतं तोवर त्यानं काही बिघडलं नाही.

मग टँकर अर्धाच येऊ लागला. तो ज्या तळ्यातून भरायचा तेही तळाला गेलं होतं. पहिल्या दिवशी वरचा दोर पुरा भरला आणि खालच्या दोराशी पाईपातून नुसती हवा आली. मी खिडकीतून बघत होते. शाळा सुटल्यावर मी रिकामी घागर घेऊन घरी गेले. मायनं घागरीत डोकावून बघितलंही नाही. घागर खांद्यावर कशी आहे त्यावरूनच तिला कळलं. माझं दप्तर घेतलं आणि उंच खुंटीला अडकवलं, जिथं माझा हात पोचतो पण भावंडांचा पोचत नाही.

"बास," एवढंच म्हणाली.

या वेळी मी परात वाजवली नाही. धाकट्याचे ओठ फुटले होते, त्याच्यासमोर काय वाजवणार? दुसऱ्या दिवसापासून मी वस्तीतल्या बायांबरोबर नदीत जाऊ लागले. नदी म्हणजे नुसती वाळू. वाळूत खड्डा खणायचा, बसून राहायचं, आणि पाझर आला की वाटीनं घागर भरायची. गढूळ पाणी, लुगड्याच्या पदरानं गाळायचं. तिथं बसून मी रडले. पाण्यासाठी नाही, दहावीसाठी रडले. आपलंच डोकं, आपणच काढलेली युक्ती, आणि तिनं बाकी सगळ्या पोरींना शाळेत बसवून मला तेवढं बाहेर काढलं, हे मला सहन होत नव्हतं.

तीनचार दिवस असे गेले असतील. एका संध्याकाळी मी नदीवरून आले तर आमच्या वस्तीत गलका. आमच्या दारात माझा वर्ग उभा. सगळ्या पोरी. पुढं पाटलांची पोर. ती जन्मात कधी आमच्या वस्तीत आली नव्हती. तिच्या घरातलं कुणीच आलं नव्हतं. शेजारपाजारच्या बाया दारादारातून बघत होत्या.

मी म्हटलं, "बाईंनी पाठवलं का?"

"न्हाई. आमचं आम्ही आलाव." तिनं खाली पडलेली एक काडी उचलली. "आपलं उत्तर चुकलंय."

"मपलं चुकलं. तुपली घागर भरते की."

"उत्तर एकच होतं ना आपलं? मग अर्धं बरोबर अन् अर्धं चूक कसं आसंल?" ती चिडून म्हणाली. तिचा राग माझ्यासारखाच. "आज वर्गात आम्ही पुन्यांदा पहिल्यापासनं प्रश्न घातले. पहिला. काढायचं काय? रांगेत सगळ्यांत गरजेचं काय वाटतं?"

"नंबर."

"पहिला नंबर. त्याच्यासाठीच समदी मरत्यात. तो काढला." तिनं हातातल्या काडीनं आमच्या अंगणातल्या मातीत एक रेघ ओढली. "पहिला काढला की दुसरा पहिला होतो. तो काढला की तिसरा. म्हणून तिसऱ्या प्रश्नाला गेलाव, आकार बदला." तिनं रेघेची दोन टोकं वळवून एकमेकांना जोडली. "गोल. एकच दोर, गोलात. काल जिथं पाणी संपलं, तिथनं आज सुरू. गोलाला शेपूट नसतं."

मी त्या मातीतल्या गोलाकडं बघत राहिले. सोपं होतं, इतकं सोपं की मला स्वतःला सुचलं नाही याचा राग आला. आणि त्याबरोबर दुसरं काही तरी छातीत दाटून आलं, ते काय होतं ते मी आज नाव घेऊन सांगू शकते. अभिमान. या पोरींच्या घागरी रोज भरत होत्या. त्यांच्या घरी कुणाचे ओठ फुटले नव्हते. गोल केला तर कधी तरी त्यांचीच घागर रिकामी राहणार होती, हे गणित त्यांना येत नव्हतं असं नाही; बाईंच्या विद्यार्थिनी होत्या त्या. तरी त्यांनी ते सोडवलं आणि उत्तर घेऊन माझ्या दारात आल्या. माझ्या वर्गानं हे केलं. आजवर मी शिकवलेल्या कुठल्याही वर्गापेक्षा तो वर्ग मला मोठा वाटतो.

तेवढ्यात माय कामावरून आली. डोक्यावर पाटी, हातोडा, तोंडावर दगडाची पांढरी भुकटी. पोरी बघून थबकली. सगळं ऐकून घेतलं. मग पाटलांच्या पोरीला म्हणाली, "अन् तुपली आजी? ती आयकंल का?"

"तिला म्या बघते."

"बघ बाई. पर भांडण माझ्या दारात आणू नगंस." मग माझ्याकडं वळली. "उद्याचा एक दिस. म्या सोता यिऊन बघते. घागर रिकामी राह्यली तर पुन्यांदा शाळंचं नाव माझ्यापुढं काढायचं न्हाई. कबूल?"

मी मान हलवली. ती खडीच्या कामावरची हजेरी बुडवून येणार म्हणाली, यातच मला कळलं होतं की याच्यापुढं आणखी एक संधी नाही.

गोलाला जागा लागते. विहिरीपाशी ती नव्हती, म्हणून बाईंनी शाळेचं मैदान दिलं. टँकरनं बाहेरून फिरायचं, आत घागरी. आता कुणी कुणाशेजारी घागर ठेवायची यावर सकाळीच कुजबुज सुरू झाली. बाई म्हणाल्या, "वर्गात जशा बसता तशा ठेवा." म्हणजे उंचीप्रमाणं. ज्यांच्या घरात शाळेतलं कुणी नव्हतं त्यांनी आपली भांडी शेजारच्या पोरीकडं दिली. सगळ्या घरचे दोर एकाला एक गाठीनं जोडले आणि त्या एका लांबलचक दोराचे वेढे घागरींच्या गळ्यात पडत गेले. तांब्याच्या, पितळेच्या, जर्मलच्या, मातीच्या. पाटलांची चकचकीत तांब्याची घागर आणि माझी पोचे पडलेली जर्मलची, मांडीला मांडी लावून.

सगळं गाव बघायला जमलं. वस्तीतल्या बाया फाटकापाशी उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. माझी मायही तिथंच, फाटकाला टेकून.

पाटलांची आजी आली. गावातली वजनदार बाई. बोलायला लागली की सरपंचही टोपी सारखी करायचे. तिनं गोलाला एक फेरी मारली, आपली घागर ओळखली आणि उभी राहिली. "ही आमची घागर हिच्या घागरीला भिडली की गं!"

नात म्हणाली, "आजी, वर्गात माझा गुडघा हिच्या गुडघ्याला भिडतो. रोज. अन् घरी यिऊन म्या तुझ्या ताटात जेवते. काय झालं का तुला आजवर?"

कुणी तरी फिस्सकन हसलं. म्हातारीचा चेहरा लाल झाला. तिनं वाकून आपल्या घागरीच्या गळ्याला धरलं आणि हिसडा दिला. दोर ताणला. शेजारची माझी घागर कलंडली, तिच्या पलीकडची कलंडली, त्याच्या पलीकडच्या दोन एकमेकींवर आपटल्या आणि मैदानभर एकच खणखणाट. चारी बाजूंनी बाया ओरडल्या, "आजी, सोडा! आजी, आमची फुटंल! सोडा म्हंते ना!" आपली एक घागर काढायची तर तिला अख्ख्या गावाच्या घागरी पाडाव्या लागणार होत्या. तिनं गावाकडं बघितलं, दोराकडं बघितलं, आणि हात सोडला. "काय येड्याचा बाजार मांडलाय!" म्हणत ती शाळेच्या पायरीवर जाऊन बसली. घरी मात्र गेली नाही. पाण्याची गरज तिलाही होती.

टँकर आला. ड्रायव्हर उदगीरकडचा होता, निम्मं कानडी बोलायचा. उतरला, गोल बघितला, कपाळाला हात लावला. "अयप्पा! हे काय? तोंड कुठलं, शेंडा कुठला? पाईप कुठं लावू?"

सगळ्यांनी बाईंकडं बघितलं. बाईंनी सांगायला हवं होतं, पण त्या आमच्याकडं वळल्या. वर्गात वळायच्या तशाच. "नियम काय ठरलाय?"

"काल जिथं संपलं, तिथून पुढं," आम्ही म्हटलं.

"मग काल कुठं संपलं?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. काल वरच्या दोराची शेवटची घागर भरली होती, तिच्या पुढची म्हणजे वस्तीच्या दोराची पहिली घागर, माझी. मी माहीत असून बोलले नाही. ते माझ्या तोंडून यायला नको होतं. मग पाटलांच्या पोरीनं बोट केलं, सरळ, न कचरता. "हितं संपलं. हिच्यापाशी." तिचं बोट माझ्या घागरीवर होतं.

मागून एक पुरुषी आवाज आला, "आता आधी त्यांचं व्हय?" त्याला कुणी साथ दिली नाही. ड्रायव्हर म्हणाला, "मला काय, दाखवाल तिथं धरतो," आणि पाईप माझ्या घागरीत सोडला.

घागर भरत आली. आवाज बारीक बारीक होत गळ्यापर्यंत आला आणि पाणी काठावरून ओसंडलं. ड्रायव्हरनं पाईप पुढच्या घागरीत घातला. मी वळून फाटकाकडं बघितलं. माय तिथं नव्हती. ती मैदानातून चालत येत होती, सगळ्या गावादेखत, गोलापर्यंत. माझ्या मायनं साऱ्या आयुष्यात कुठल्याही पाणवठ्यावर सगळ्यांच्या आधी घागर भरली नव्हती. ती घागरीपाशी उकिडवी बसली, काठावरून ओघळणारं पाणी तळहातानं अडवलं आणि तोच ओला तळहात स्वतःच्या तोंडावरून फिरवला. तिचे डोळे भरले होते. माझेही भरले होते आणि मी तिथंच उभी, आता ती मला जवळ घेईल म्हणून.

तिनं मान वर केली आणि माझ्यावर खेकसली, "तू कामून उभी हायस हितं? जा की वर्गात! हितं तुपलं काय काम हाय?"